बरडाची मूठ

कस्तुराबाई आपल्या वावरात नाही, असं फोननं सांगितलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

ती उभी होती घोट्याएवढ्या चिखलात. कमरेला लागणारं सोयाबीन दोन्ही बाजूंनी भिजलेलं, ओटीत मुगाच्या शेंगा, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. तिच्यासमोर गावचा पीक पाहणीचा सहायक मुन्ना फोन छातीशी धरून, मग डोक्यावर धरून, मग पुन्हा छातीशी धरून जागच्या जागी फिरत होता. मुन्ना दोन लेकींचा बाप, पस्तिशीचा, स्वभावानं गरीब. पण फोन हातात आला की त्याच्या कपाळाला आठ्या पडत.

“मावशी, जरा तिकडे सरका.”

ती सोयाबीनच्या चार ओळी ओलांडून सरकली. सोयाबीनचं पाणी लुगड्यात मुरलं.

“अजून.”

“अजून सरकली त धुऱ्यावर जाईन मी. पीक वावरात हाय का धुऱ्यावर?”

मुन्ना हसला नाही. “चारशे दहा मीटर दूर दाखवून राह्यलं, मावशी. तुमचं वावर इथी नाईच म्हणते.”

“कोण म्हणते?”

“हे.” त्यानं फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर एक निळा ठिपका होता आणि त्याच्यापासून लांब एक लाल चौकट.

कस्तुराबाईनं खोळ मागं सारली आणि त्या ठिपक्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “याले सांग, या बरडातला दगड ना दगड माह्या हातानं येचलेला हाय.”

ते खोटं नव्हतं. वावराच्या कडेला, धुऱ्यावर छातीएवढा उंच दगडांचा बांध रचलेला होता, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. एकतीस वर्षांचे दगड होते ते. बरडाची खोड अशी, की माणूस एका हंगामात जमीन साफ करतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेवढेच दगड पुन्हा वर येतात. ऋषिकेश पोटात होता तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत ती टोपलं डोक्यावर घेऊन या धुऱ्यावर यायची. गाव हसायचं. तिचा नवरा दौलतराव हसणाऱ्यांना म्हणायचा, दगड संपले की माती लागन. दौलतरावाला जाऊन सहा वर्षं झाली. दगड संपले नव्हते, पण माती लागली होती. यंदा सोयाबीनला गुडघ्यापासून शेंगा होत्या.

वाटेल तिथं उभं राहून फोटो काढायची सोय यंदा बंद झाली होती. मागच्या सालापर्यंत मुन्ना ओट्यावर बसून, चहा पिता पिता अर्ध्या गावाची पीक पाहणी भरायचा. त्याच्याही आधी तलाठी चावडीवर बसून विचारायचा, कोणाच्या वावरात काय हाय? गाव सांगायचं, तो लिहायचा. यंदा ॲप बदललं. वावरात उभं राहिल्याशिवाय ते फोटोच घेत नव्हतं. फोटो नाही तर सात-बाऱ्यावर पीक नाही. पीक नाही तर सरकारी खरेदी नाही, नुकसानीचा पंचनामा नाही, आणि तीन-चार सालं कोरी गेली की हे वावर कोण पेरते, हाही प्रश्न उभा राहतो. मुदत संपायला चार दिवस उरले होते.

“मंग माहं वावर कुठी दाखवते ते?” तिनं विचारलं.

मुन्नानं मान वर केली आणि बरडाच्या उतारावरून खाली, नाल्याकडं पाहिलं. तिकडं हळदीची रुंद पानं पावसात चमकत होती.

“तिथी,” तो म्हणाला.

कस्तुराबाईनं त्याच्या नजरेमागं नाल्याकडं पाहिलं. तिला कळलं काय झालं ते.

नाल्याकाठची ती अडीच एकर काळी जमीन दौलतरावाच्या वाडवडिलांची. आणि ही साडेतीन एकर बरड दौलतरावाला भावासारख्या असलेल्या पंजाबरावाची. त्या काळी नाल्याला पूर आला की काळी आठ-आठ दिवस पाण्याखाली राहायची, हाती काडी लागायची नाही. पंजाबरावाची विहीर मात्र तिच्या कडेलाच होती, आणि ओलिताला त्याला हीच जमीन आडवी यायची. दौलतरावाची दुसरी जमीन बरडाला लागून. दोघे बोरीच्या झाडाखाली बसले, तंबाखू मळली, आणि उठले तेव्हा अदलाबदल झाली होती. साक्षीला दोन बैलजोड्या. पंजाबरावानं बरडाची मूठभर माती उचलून आपल्या दुपट्ट्याच्या पदरात बांधली, दौलतरावानं काळीची मूठ. ज्यानं वावर सोडलं त्यानं त्या वावराची मूठ घरी ठेवायची, म्हणजे दिलेला शब्द डोळ्यांसमोर राहतो, अशी त्या भागातली जुनी रीत. दौलतरावाची मूठ कस्तुराबाईनं तुळशीत घातली. पंजाबरावानं आपली घरच्या देवळीत, देवांच्या मागं ठेवली.

कागद करायचं दोघांच्याही मनात आलं नाही. कागद परक्याशी करायचा असतो.

पुढं सरकारनं नाला खोल केला. पूर थांबला आणि काळीचं सोनं झालं. त्यावर कोणी एक अक्षर बोललं नाही. दौलतराव गेल्यावर सात-बाऱ्यावर तिचं नाव चढलं, तिथं गट क्रमांक एकसष्ट असं लिहिलं होतं. पण आपलं वावर आकड्यानं ओळखायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. बरड म्हणजे बरड आणि काळी म्हणजे काळी.

“चला,” मुन्ना म्हणाला. “एकदा तिथी उभं राहून पाहू. खात्री होईन.”

तिनं नको म्हणायला हवं होतं. पण कालचा सगळा दिवस ओटीपीचा नंबर येण्याची वाट पाहण्यात गेला होता. खात्याला ऋषिकेशचा मोबाईल जोडलेला. तो पुण्याला कारखान्यात, आणि फोन कामाच्या वेळी कपाटात कुलूपबंद. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं नंबर सांगितला तोवर इकडं रेंज गेली. आज कुठं ते जमलं होतं. मुन्नाचाही दिवस मोडू नये म्हणून ती उतारावरून त्याच्यामागं निघाली.

हळदीत पाऊल टाकलं आणि फोननं टुंग केलं. लाल चौकट हिरवी झाली. काळ्या मातीत तिचा पाय घोट्याच्या वर रुतला. एकतीस वर्षांनी ती या जमिनीत उभी होती. माती किती मऊ आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

“काकू!”

पलीकडच्या सरीतून जगदेव येत होता. पंजाबरावाचा थोरला, चाळिशीचा, दणकट अंगाचा. त्याच्यामागं निंदणाऱ्या सात-आठ बाया खुरपं हातात धरून उभ्या राहिल्या.

“फोटो काहाचा काढून राह्यले? माह्या हळदीचा?”

“अरे बा, हे ॲप...” मुन्ना बोलू लागला.

“तू चूप बस. मी काकूले विचारून राह्यलो. काका जाऊन सहा सालं झाले, आता आठवण आली का काळीची? माहा बाप खाटीवर पडला, तोंडातून शब्द निघत नाई त्याच्या, म्हणून साधून घेता का? गावात सांगता, आमचं शब्दाचं घराणं. हे शब्दाचं घराणं हाय?”

“जगदेव, मी काई घ्याले नाई आली.”

“मंग ओटीत काय हाय?”

काय विचारलं ते त्यालाही कळलं नसावं, कारण तो लगेच गप्प झाला. पण बायांच्या नजरा तिच्या ओटीवर गेल्या. कस्तुराबाई मागं वळली, सरीच्या कडेवरून पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आली. ओटी सुटली. बरडातल्या मुगाच्या शेंगा हळदीच्या बुडाशी पसरल्या.

त्या बायांतल्या दोघी तिच्याच गल्लीतल्या होत्या. कोणी हलली नाही. शेंगा तिच्या होत्या, पण दुसऱ्याच्या वावरातून काही उचलताना आपण आठ माणसांना दिसू, हे तिच्या ध्यानात आलं. ती तशीच उठली, रिकामी ओटी कमरेला खोचली आणि चालू लागली. बरड चढेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

संध्याकाळी तिची सून वैजयंती चुलीपुढं भाकरी थापत होती. फोन तिनं पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून ऋषिकेशचा आवाज येत होता.

“आई, नीट ऐक. कागदावर काळी तुह्या नावानं हाय. कागदच चालते. तू फकस्त त्या हळदीत उभी राह्य, फोटो काढ, पीक चढव. दोन साल चढवलं की मंग जगदेव काय करते?”

“अन् बरड?” कस्तुराबाईनं विचारलं.

“त्याचं त्याले देऊन टाक. त्या दगडायपाशी काय ठेवलं हाय?”

कस्तुराबाईनं गुडघ्यावरून हात फिरवला. गुडघा सुजला होता. त्यावर तिनं मीठ-हळदीचा लेप लावला होता आणि घरातल्या त्या हळदीकडं पाहून तिला कसंनुसं झालं. फोन बंद झाल्यावर वैजयंती हळूच म्हणाली, “आई, हे चुकीचं नाई बोलून राह्यले. जगदेवदादानं आज तुमची सगळ्यायसमोर काय गत केली? मले आपल्या गल्लीतल्या रमाबाईनं सांगतलं, ते होती तिथी निंदाले. आपलं कागदानं असून आपण काहून भ्याव?”

“तुह्या सासऱ्यानं शब्द देल्ला होता.”

“सासरे नाईत, पंजाबरावजी बोलत नाईत. शब्द हाय कोणापाशी?”

हे वैजयंतीनं दुष्टाव्यानं विचारलं नव्हतं. शिकलेली, सरळ मनाची पोर होती. म्हणूनच ते कस्तुराबाईला जास्त लागलं. बरडाचे दगड उचलून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते, आणि लेक म्हणत होता त्या दगडांपाशी काय ठेवलंय. त्याचा राग आला नाही तिला. त्याला काय माहीत, असं वाटलं आणि फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबून होता. ती आणि वैजयंती बरडात उरलेला मूग तोडत होत्या, तेवढ्यात मुन्नाची मोटरसायकल धुऱ्याशी आली. गाडी लावून तो तिथंच घोटाळला. मग आला आणि फोन वैजयंतीच्या हाती दिला.

“तुमीच दाखवा मावशीले. गट चौऱ्याऐंशी. म्हणजे हे बरड. याची पाहणी पाच दिवसाआंधीच झाली हाय.”

“कोणी केली?” वैजयंतीनं विचारलं.

“जगदेवनं. बापाच्या नावानं, स्वतःच्या फोनवरून. पीक सोयाबीन.”

वैजयंतीनं बोटानं चित्र मोठं केलं. कस्तुराबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. सोयाबीन होतं, सकाळचं कोवळं ऊन होतं, आणि मधोमध दोन्ही हात पसरून बुजगावणं उभं होतं. अंगात दौलतरावाचा निळ्या पट्ट्यांचा सदरा. खिसा उसवला तेव्हा घरात निळा दोरा नव्हता म्हणून तिनं लाल दोऱ्यानं शिवलेला. तो लाल टाकासुद्धा फोटोत दिसत होता.

रानडुकरं येऊ नयेत म्हणून ते बुजगावणं तिनं मृगात उभं केलं होतं. आताही ते वीस हातांवर तसंच उभं होतं. म्हणजे जगदेव पहाटे, कोणी नसताना, इथं येऊन त्याच्यासमोर उभा राहिला होता. आणि त्यानंच काल आठ बायांसमोर ओटी विचारली.

“चोर!” वैजयंती म्हणाली. “आई, आता त सोडू नोका. आत्ताच चला काळीत.”

कस्तुराबाईनं मुगाचं गाठोडं बांधलं, धुऱ्यावर ठेवलं. हात धुतले. “चाल,” ती म्हणाली, “पण काळीत नाई. त्यायच्या घरी.”

पंजाबराव ओसरीत खाटेवर बसलेला होता, भिंतीला टेकून. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. एकेकाळी हा माणूस नाल्याच्या या काठावरून हाक मारायचा आणि पलीकडचे बैल कान टवकारायचे. कस्तुराबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. तो दौलतरावाहून मोठा, त्यामुळं एकतीस वर्षांत ती त्याच्याशी समोरासमोर दहा वाक्यंही बोलली नव्हती. आज ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली.

जगदेव आतून आला, तिला पाहून दारातच थबकला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “एक फोटो दाखवाले आली मी.”

वैजयंतीनं आपल्या फोनवर घेतलेला तो फोटो म्हाताऱ्यासमोर धरला. त्यानं पाहिलं. आधी काही कळलं नाही त्याला. मग डावा हात उचलून त्यानं पडद्यावरच्या सदऱ्याला बोट लावलं, आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. त्यात ‘दौ’ एवढंच ऐकू आलं.

“व्हय, त्यायचाच सदरा. बरडातला फोटो हाय. तुमच्या नावानं चढला. जगदेवनं काढला.”

म्हाताऱ्यानं मान वळवून लेकाकडं पाहिलं. जगदेवचं तोंड उतरलं.

“बाबा, असे नोका पाहू,” तो म्हणाला. “काकू, मी काय करू? हळदीत उभा राह्यलो त फोन म्हणे हे तुहं वावर नाई. मले घामच फुटला. बाबाले विचाराव त बाबा बोलत नाई. दोन रात्री झोपलो नाई मी. कागद तुमच्या हाती, काळी तुमची. उद्या तुमी म्हटलं निंघ, त मी कुठी जाऊ? मंग बापाच्या गटावर जे दिसलं ते चढवलं. काईतरी आपल्या नावावर पायजे ना?”

“मले येऊन सांगाव लागत होतं.”

“भेव वाटलं.”

“कोणाचं? माहं?” कस्तुराबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. “मी तुले शेंबडा असताना पाह्यलं हाय, जगदेव. नाल्यात पाय घसरला होता तुहा, तवा काकानं केस धरून काढलं. माहं भेव वाटलं तुले?”

जगदेव खाली बसला. डोकं हातात धरून बसला. खाटेवरून म्हाताऱ्याचा डावा हात लांब झाला. सगळ्यांना वाटलं तो लेकाच्या डोक्यावरून हात फिरवणार. पण त्यानं जगदेवच्या डोक्यावर एक टपली मारली, कमजोर, पण टपलीच. आणि मग रडू लागला.

शेवटच्या दिवशी सकाळी कस्तुराबाई काळीच्या धुऱ्यावर उभी होती. मुन्ना होता, वैजयंती होती. निंदणाऱ्या त्याच बाया हळदीत होत्या. जगदेव विहिरीवर मोटार चालू करत होता, त्याला तिनं तिथूनच हाक दिली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“जगदेव, इकडे ये. तू माह्या वावरात मले न सांगता गेला. मी तुह्या वावरात तुले बोलावून जाईन.”

तो आला. चिखलाचे हात पँटला पुसत उभा राहिला.

“मुन्ना, सांग याले.”

मुन्नानं सांगितलं. गट एकसष्ट मावशींच्या नावावर, तिथं जे पीक उभं आहे तेच चढेल. चढवलं नाही तर जमीन पडीत दिसेल आणि हळद कोणाच्याच नावावर लागणार नाही. आधी चढलेलं सोयाबीन जगदेवच्या बापाच्या नावावर राहील. म्हणजे कागद होईपर्यंत याचं पीक तिच्या नावानं आणि तिचं पीक याच्या नावानं.

“म्हणजे मी तुमच्या नावानं हळद इकाव?” जगदेवनं विचारलं.

“अन् मी तुह्या बापाच्या नावानं सोयाबीन. पटते का?”

जगदेवनं हळदीवरून नजर फिरवली. अडीच एकर हिरवंगार पीक, आणि ते सगळं या म्हातारीच्या एका बोटाखाली. वैजयंतीही सासूच्या त्या बोटाकडंच पाहत होती. तिचा चेहरा पडलेला होता.

“पटते,” जगदेव म्हणाला. “दुसरं काय करता?”

“दुसरं बी हाय. कागद कराचा. तालुक्याले जाऊन, भाऊजींले घेऊन. बरड माह्या नावानं, काळी तुमच्या. मले काळी नाई पायजे. कागदानं आलेली त अजिबात नाई.”

मग ती हळदीत उतरली. सरीत, तिच्या त्या दिवशीच्या पावलांजवळ, मुगाच्या शेंगा चिखलात अजून पडलेल्या होत्या, फुटून मोड आलेल्या. जगदेवनंही त्या पाहिल्या. मुन्ना म्हणाला, “मावशी, इकडे पाहा,” तेव्हा तिनं जगदेवचं मनगट धरून त्याला शेजारी ओढला.

“माणसाची गरज नाई फोटोत. पीक दिसलं म्हणजे झालं,” मुन्ना म्हणाला.

“त्याले नसन गरज. मले हाय.”

फोटो निघाला. नंबर ऋषिकेशच्या फोनवर गेला. त्यानं तो पाऊण तासानं सांगितला, आणि पुढं दोन शब्द बोलला ते वैजयंतीनं सासूला सांगितले नाहीत.

सोमवारी ते तालुक्याला गेले. निघताना जगदेवच्या आधारानं उभा असलेला पंजाबराव देवळीपाशी अडला. पुढं पाऊल टाकेना, डाव्या हातानं देवांच्या मागं चाचपत राहिला. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. “चाला ना बाबा, आल्यावर पाया पडा,” म्हणून जगदेव खेकसला आणि त्यानं बापाला उचलूनच ऑटोत बसवलं. वाटेत खड्डा आला की म्हातारा डावी मूठ बंडीच्या खिशावर दाबून धरायचा.

कार्यालयात गर्दी होती. सकाळी यंत्र बंद, मग लाईट नाही, मग यंत्र चालू पण साहेब जेवायला. पंजाबरावाला बाकावर टेकून बसवलं होतं, आणि तो एका बाजूला कलला की जगदेव सरळ करायचा. अडीच वाजता त्यांचं नाव पुकारलं. कस्तुराबाईनं कॅमेऱ्यात पाहिलं, यंत्रावर अंगठा ठेवला, नाव सांगितलं, मंजूर आहे म्हणाली. मग म्हाताऱ्याची खुर्ची पुढं ओढली.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “बाबा, गट चौऱ्याऐंशी देऊन गट एकसष्ट घेताय. आपल्या मर्जीनं घेताय ना? इकडं बघा आणि तोंडानं हो म्हणा.”

पंजाबरावानं तोंड उघडलं. जीभ हलली. गळ्याच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला, आणि एक लांबट ‘अ’ निघून विरला. हनुवटीवरून लाळ ओघळली. मागं रांगेत कोणीतरी घड्याळ पाहिलं.

“अंगठा घ्या ना साहेब, डावा चांगला हाय,” जगदेव म्हणाला.

“अंगठा घेतो हो मी. पण त्यांना समजतंय आणि त्यांची मर्जी आहे, हे कळायला पाहिजे ना? बोलता येत नसेल तर डॉक्टरचा दाखला लागतो, शुद्धीवर आहेत, समजतं, असा. जिल्ह्याच्या दवाखान्यातून. उद्या कोणी म्हटलं म्हाताऱ्याला फसवलं, तर?”

“मी कायले फसवू माह्या बापाले?”

“तुम्ही नाही हो. नियम आहे.”

कस्तुराबाईला तो नियम चूक वाटला नाही, हेच दुःख होतं. काही दिवसांपूर्वी जगदेव हेच ओरडला होता, बाप बोलत नाही म्हणून साधून घेता का.

म्हाताऱ्याला काय कळलं कोण जाणे. त्याचा डावा हात बंडीच्या खिशात गेला आणि त्यानं एक गाठोडं काढलं, लिंबाएवढं, काळपट, तेलकट. गाठ त्याला सुटेना. दातांनी धरून त्यानं ती ओढली आणि एकतीस वर्षांची चिंधी टरकन फाटली. कारकुनाच्या टेबलावर, अर्जांवर, अंगठ्याच्या यंत्राभोवती बरडाची माती पसरली. लालसर, कोरडी, तिच्यात हरभऱ्याएवढे चार-पाच खडे.

“अहो, हे काय? मशीन आहे तिथं!” कारकून उठलाच. “पुसा ते. शिपाई कुठंय?”

पंजाबरावानं एक बोट मातीवर ठेवलं. मग तेच बोट उचलून कस्तुराबाईकडं केलं. पुन्हा मातीवर, पुन्हा तिच्याकडं. तीनदा केलं त्यानं तसं. कॅमेरा वर होता, पण त्याचं तोंड दुसरीकडं होतं.

कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. इतक्या माणसांत रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण रडली. वावर तिच्या नावावर झालं नव्हतं, आज होणार नव्हतं, दाखला मिळेपर्यंत हा जीव टिकेल का हेही ठाऊक नव्हतं. पण ज्यानं दिलं त्यानं पुन्हा दिलं होतं, आणि ते घ्यायला या खोलीत कुठंच जागा नव्हती.

शिपाई फडकं घेऊन आला.

“थांब बा,” जगदेव म्हणाला.

त्यानं खिशातून रुमाल काढला, टेबलाच्या कडेला पसरला. मग दोन्ही हातांनी, अर्जाचे कागद एकेक उचलून झटकत, त्यानं ती माती गोळा केली. यंत्राच्या फटीत गेलेली बोटाच्या नखानं काढली. एक खडा खाली पडला होता, तो वाकून शोधला. रांगेतली माणसं पाहत होती, कारकूनही पाहत होता. जगदेवनं रुमालाला दोन गाठी मारल्या. बापाच्या हातात देण्यासाठी त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला आणि ते गाठोडं आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

म्हातारा खुर्चीत मागं टेकला आणि त्यानं डोळे मिटले.

बाहेर आल्यावर जगदेवनं बापाला ऑटोत बसवलं. कस्तुराबाईला हात देऊन वर घेतलं. गाव दिसू लागलं तेव्हा तो म्हणाला, “काकू, सोयाबीन कधी सोंगता?”

“परवा काढीन म्हणते. पाऊस नसन त.”

“मी येतो. दगड बी उचलू लागू जरा. यंदा लई वर आले तुमच्या बरडात.”

तिनं मान हलवली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला बरडाचा लाल डाग पडला होता, आणि तो त्याला दिसला नव्हता.